उलट सिद्ध होईपर्यंत खरे

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हा ग्रंथ विनोदी वाङ्मय म्हणून कोणी वाचायला घेत नाही. त्यामुळे त्यातलं कलम 157 उगाच उपेक्षित राहिलं आहे. त्या कलमाचा मथितार्थ असा, की अधिकार अभिलेखातली नोंद तिच्या उलट काही सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. म्हणजे सरकार आपल्याला सांगतंय, "आमचा कागद खरा आहे. खोटा निघाला, तर मात्र तो खरा नव्हता." इतकं सावध विधान आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी हिशेब मांडतानासुद्धा कधी केलेलं नाही.

घर घेणारा माणूस हे कलम वाचत नाही. त्याच्यापर्यंत त्यातले दोनच शब्द पोचतात: 'खरी मानावी'. एरवी सकाळच्या चहापासून सरकारवर तोंडसुख घेणारा, रस्त्यावरचा खड्डा दिसला की करदाता म्हणून छाती काढणारा हा गृहस्थ फ्लॅट बघायला निघाला की एकदम राजनिष्ठ होतो. "ऑनलाइन दिसतोय ना? मग झालं!" हे त्याचं ब्रीदवाक्य. सरकारी संकेतस्थळावर वाकडे आकडे ओळखून टंकायला लावतात, ते तीनदा चुकतात, चौथ्यांदा पान उघडतं, आणि इतक्या तपश्चर्येनंतर जे दिसतं ते खोटं कसं असेल, असा त्याचा साधा हिशेब असतो.

माझा मावसभाऊ पुण्याच्या कडेला एक जुना फ्लॅट बघत होता. सोबत चल म्हणाला, आणि मी आनंदाने गेलो, कारण मला कागद वाचायला आवडतात. घर दुसऱ्याचं असलं की फारच आवडतात. त्याने एजंटकडून आणलेली फाइल चांगली वीतभर जाड होती. सातबारा, फेरफार, इंडेक्स टू, मंजूर नकाशा, मिळकतकराची पावती, लाइट बिल. एकही कागद बनावट नव्हता, सगळ्यांवर शिक्के होते. अडचण एवढीच, की प्रत्येक कागद वेगळ्या घराबद्दल बोलत होता. करारनाम्यात फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. करपावतीवर तो तिसऱ्यावर होता, कारण कर आकारणाऱ्याने पार्किंगला पहिला मजला धरलं होतं. लिफ्टमध्ये बटण चारचं दाबावं लागत होतं. का, ते लिफ्टवाल्या कंपनीलाच ठाऊक. क्षेत्रफळ करारनाम्यात आठशे चाळीस, करपावतीवर सहाशे दहा, आणि टेप लावून मोजलं तर साडेपाचशेच्या घरात. मावसभावाने एजंटला विचारलं, "यातलं खरं कुठलं?" एजंट शांतपणे म्हणाला, "सर, सगळंच खरं आहे. तुम्ही कुठल्या ऑफिसला विचारताय त्यावर आहे."

इतकं नेमकं उत्तर मला आजवर कुठल्या तज्ज्ञानेही दिलेलं नाही.

आपल्याकडच्या सरकारी नोंदींचं गुपित एवढंच आहे. महसूल खातं जमिनीवर सारा कोणाकडून घ्यायचा ते लिहून ठेवतं. मुद्रांक खातं दस्तावर पैसे भरले की नाही ते बघतं. महापालिकेचं बांधकाम खातं कागदावरची इमारत ओळखतं आणि त्याच महापालिकेचं करआकारणी खातं जमिनीवरची. ही सगळी मंडळी एकाच मांडवात बसून एकमेकांशी न बोलणारे भाऊबंद आहेत. आणि घर घेणाऱ्याला मात्र वाटतं, की 'सरकार' नावाच्या एकाच माणसाने आपल्याला एकच गोष्ट सांगितली आहे.

सुरुवात सातबाऱ्यापासून, कारण महाराष्ट्रात कशाचीही सुरुवात तिथूनच होते. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची ही जोडगोळी. सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये तीत पीक काय. फ्लॅट घेणारा शहरी माणूस सातबारा हातात घेतो तो आपल्या ओळखीचं काही दिसतंय का ते बघायला, आणि त्याला पहिल्यांदा कळतं की आपल्या भावी हॉलमध्ये कधीकाळी ज्वारी होती. मग नावं. नावांची रांग एवढी लांब असते की त्यात आपल्या बिल्डरचं नाव शोधणं म्हणजे दहावीच्या निकालात आपला नंबर शोधणं. त्यातली कितीतरी माणसं वारलेली असतात. त्यांचे वारसही वारलेले असतात. सातबाऱ्यावर मात्र सगळे सुखाने नांदत असतात. ही परिस्थिती शासनाच्याही लक्षात आली, आणि 2025 मध्ये राज्यभर मोहीम निघाली: मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. मोहिमेचं नाव 'जिवंत सातबारा'. ज्या कागदावर माणूस लाखो रुपये लावतो तो आधी जिवंत करून घ्यावा लागतो, हे सरकारने इतक्या मोकळेपणाने सांगितल्याबद्दल आपण आभारच मानायला हवेत. तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं, असंही 2024 मध्ये ठरलं. सातबाऱ्यावरची मंडळी मात्र त्याला तलाठीच म्हणतात. त्यातली बरीचशी 2024 च्या आधीच गेलेली आहेत.

सातबाऱ्यात खरं वाचनीय काय असेल तर 'इतर हक्क' हा रकाना. मालकाचं नाव मोठ्या ऐटीत डावीकडे बसलेलं असतं, आणि इतर हक्कात अंग चोरून बसतात विकास सोसायटीचा बोजा, बहिणींचा हिस्सा, कुळाचं नाव, कोर्टातल्या दाव्याची नोंद. एजंट सातबारा दाखवताना अंगठा नेमका त्याच जागी ठेवतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता सातबारा हातात आला की मी आधी अंगठ्याखालचं वाचतो. आणि अमुक-अमुक फेरफाराची, म्हणजे नोंदीतल्या बदलाची, नोटीस लागली आहे, हरकतीची मुदत चालू आहे, ही गंमत तर त्या सातबाऱ्यावर कळतच नाही. तिच्यासाठी 'आपली चावडी' नावाचं वेगळं पान उघडावं लागतं. ते पान जुन्या चावडीसारखंच आहे. सगळ्यांसाठी खुलं, आणि तिथे कोणी फिरकत नाही.

संकेतस्थळावर फुकट दिसणाऱ्या सातबाऱ्यावर तर स्पष्ट लिहिलेलं असतं, की ही माहिती शासकीय किंवा कायदेशीर कामासाठी वापरता येणार नाही. लोक नेमका तोच छापतात. त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घालतात. पंधरा रुपये भरले की डिजिटल सही असलेला मिळतो, पण साठ लाखांच्या व्यवहारात पंधरा रुपये उगाच कशाला घालवायचे, असा विचार करणारे काटकसरी लोक आपल्यात अजून शिल्लक आहेत. बरं, सहीचा आणला तरी काय? महसुली नोंद ही सारावसुलीच्या सोयीसाठी असते, तिने मालकी येत नाही आणि जातही नाही, असं सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. आपण निकाल वाचत नाही, सातबारा वाचतो.

शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर सातबाऱ्याऐवजी प्रॉपर्टी कार्ड. काही ठिकाणी दोन्ही चालू राहिली, आणि एकाच जमिनीचे दोन दाखले असल्यावर कोणी एक दाखवून विकायचं, कोणी दुसरा, असे उद्योग झाले. तेव्हा सिटी सर्व्हे झालेल्या भागातले सातबारे बंद करायचं शासनाने ठरवलं. पण प्रॉपर्टी कार्डावरही तुमच्या फ्लॅटच्या मालकाचं नाव शोधू नका. तिथे जमीनमालक असतो. 1963 च्या मोफा कायद्याप्रमाणे बिल्डरने सोसायटी स्थापन करून जमीन तिच्या नावे करून द्यायची. मुदतही नियमात होती, चार महिन्यांची. बिल्डर लोकांनी ही मुदत मोजायला घेतली आणि मोजता मोजता पंचेचाळीस वर्षं गेली. शेवटी 2008 मध्ये दुरुस्ती आली आणि बिल्डर येत नसेल तर त्याच्याशिवायही सोसायटीला 'डीम्ड कन्व्हेयन्स' मिळायची सोय झाली. आजही जुन्या सोसायटीतल्या लोकांना विचारा, "जमीन कोणाची?" ते छाती ठोकून म्हणतील, "आमची!" प्रॉपर्टी कार्ड काढून बघा.

आता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात चला. इथे मला नेहमी थोडा वेळ बसायला आवडतं. कोरे करकरीत कपडे घातलेली नवरा-बायको, अंगठा स्कॅनरवर नीट उमटत नाही म्हणून सारखा साडीला पुसणाऱ्या आजी, दोन ओळखदार (ज्यांची घेणाऱ्याशी ओळख कार्यालयाच्या दारात झालेली असते), आणि कॅमेऱ्याकडे बघून आयुष्यात पहिल्यांदाच न हसणारा बिल्डरचा मुखत्यार. टोकन, फोटो, अंगठा, सही. पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क, शिवाय नोंदणी फी, तीस हजारांपर्यंत. एवढं दिल्यावर हातात दस्त येतो आणि माणूस पेढे वाटतो.

या सगळ्या सोहळ्यात एक प्रश्न कोणीच विचारत नाही: विकणाऱ्याकडे विकायला हे घर आहे का? निबंधकाने विचारायचा प्रश्न तो नव्हेच. 1908 चा नोंदणी कायदा त्याला सांगतो, की समोर आलेली माणसं तीच आहेत ना, आणि दस्त आपण लिहून दिला हे ती कबूल करतात ना, एवढं बघ. मी उद्या शनिवारवाडा तुमच्या नावे करून द्यायला निघालो तर निबंधक मला सर्वात आधी बाजारभावाप्रमाणे मुद्रांक भरलाय का ते विचारील. (वार्षिक दर तक्त्यात शनिवारवाड्याचा दर सापडला नाही, तर माझं काम त्या कारणाने अडेल.) नोंद होते ती दस्ताची, मालकीची नाही. 'रजिस्टर्ड आहे हो!' हे वाक्य आपल्याकडे शपथेसारखं उच्चारलं जातं. त्याचा अर्थ एवढाच, की अमुक तारखेला अमुक माणूस तमुक माणसाला अशी अशी गोष्ट म्हणाला आणि ती सरकारने जपून ठेवली.

जपून ठेवली, हे मात्र खरं, आणि ते उपयोगाचं आहे. इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, हा मला सगळ्यात प्रामाणिक कागद वाटतो. तो काही सिद्ध करायला जात नाही. कोणी, कोणाला, कधी, कितीला, एवढं सांगून गप्प बसतो. वकील तीस वर्षांचा सर्च घेतात म्हणजे असे तीस वर्षांचे इंडेक्स टू एकामागे एक लावून बघतात. त्यात मध्येच एखादा दुवा गायब असला, किंवा एकच फ्लॅट एका माणसाने दोघांना विकलेला असला, की खरा मजकूर तिथे सुरू होतो. आमच्या ओळखीच्या एका वकीलसाहेबांनी सर्च रिपोर्ट दिला आणि शेवटी लिहिलं, की उपलब्ध नोंदींच्या मर्यादेत, फाटलेली आणि बांधणीला गेलेली पुस्तकं वगळून, हक्क निर्वेध आहे. मावसभावाने 'निर्वेध' हा शब्द पिवळ्या शाईने रंगवला. मी 'वगळून' रंगवला.

नकाशाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे.

मंजूर नकाशा ही महाराष्ट्रातली सर्वात समृद्ध कल्पित साहित्याची परंपरा आहे. मुंबईचे 2012 च्या आधीचे मंजूर नकाशे काढून बघा. मुंबई हे बागांचं शहर होतं असं कोणाही परक्या माणसाचं मत होईल. खिडकीखिडकीला फ्लॉवर बेड. बेडरूमला फ्लॉवर बेड, हॉलला फ्लॉवर बेड, स्वयंपाकघराला तर अगदी कोथिंबीर लावण्याइतका ऐसपैस. कारण फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये, म्हणजे जमिनीवर किती बांधायचं त्या मर्यादेत, धरला जात नव्हता. बांधून झालं की फुलं कोमेजायची, मधली भिंत पडायची आणि तिथे सोफा उगवायचा. बिल्डर त्या जागेचे पैसे घ्यायचा, घेणारा आनंदाने द्यायचा, आणि महापालिकेच्या दफ्तरात शेवंती डोलत राहायची. 2012 च्या जानेवारीत नियम बदलले. फ्लॉवर बेड, डक्ट, कोनाडे हे सगळं एफएसआयमध्ये धरायचं ठरलं आणि त्याबदली घरांना पस्तीस टक्क्यांपर्यंत जादा 'फंजिबल' एफएसआय मिळू लागला, अर्थात पैसे भरून. मुंबईच्या उद्यानसंस्कृतीचा अस्त झाला तो असा.

म्हणून आज एखादं जुनं घर बघायला गेलात आणि हॉल मोठा, हवेशीर वाटला, तर आपण शेवंतीवर उभे आहोत का ते नकाशावर तपासावं. पुण्यात हीच भूमिका टेरेस करतं. नकाशात उघडं टेरेस, प्रत्यक्षात 'थर्ड बेडरूम, सर, अगदी व्यवस्थित ग्रिल मारून'. पार्किंगचं गोदाम होतं, गोदामाचं दुकान होतं, दुकानाचा क्लास होतो. नकाशात सोसायटी ऑफिस म्हणून दाखवलेल्या खोलीत एका ठिकाणी मी दाढी करून घेतली आहे. स्टिल्टखालचं पार्किंग स्वतंत्र मालमत्ता म्हणून बिल्डरला विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. तरी पार्किंगचे वेगळे पैसे घेतले जातातच, फक्त पावतीवर त्याला काहीतरी सोज्वळ नाव असतं. नकाशा खोटा नसतो. नकाशा मंजूर झाला त्या दिवशी तो खरा असतो. त्या दिवशी इमारत नसते.

आणि करपावती? लोकांचा सर्वात मोठा आधार हाच. "वीस वर्षं टॅक्स भरतोय, बेकायदा कसं असेल?" या प्रश्नाचं उत्तर महापालिका कायद्यातच आहे. बेकायदा बांधकामावर कर तर लावता येतोच, वर दुप्पट दंडही लावता येतो, आणि तो घेतला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. हा शास्तीकर पिंपरी-चिंचवडमध्ये इतका गाजला की त्यावर निवडणुका लढल्या गेल्या. 2023 मध्ये तिथला थकलेला शास्तीकर माफ झाला. माफ झाला तो कर. बांधकाम होतं तिथेच राहिलं. एखादी इमारत अस्तित्वातच नाही असं एका टेबलाने म्हणायचं आणि शेजारच्या टेबलाने तिच्याकडून दुप्पट पैसे घ्यायचे, यात विसंगती आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी नोकरी केलेली नाही. मुंबईतल्या वीजबिलांवर तर छापलेलंच असतं, की हे बिल म्हणजे जागा अधिकृत असल्याचा किंवा मालकीचा पुरावा नव्हे. एजंटच्या फाइलमध्ये ते पुरावा म्हणूनच लावलेलं असतं.

हे सगळं ऐकून घेतल्यावर माणूस म्हणतो, "पण आता महारेरा आहे ना!"

आहे. गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं हे राज्याचं प्राधिकरण 2017 च्या मे महिन्यापासून आहे, आणि त्याने पुष्कळ फरक पडला हे मान्य करायला हवं. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. क्षेत्रफळ कार्पेटमध्ये सांगावं लागतं, त्यामुळे जिना, लॉबी आणि बिल्डरची उदारता मिळून तयार होणारा 'सुपर बिल्टअप' निदान करारनाम्यातून गेला. घेणाऱ्यांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. 2023 च्या ऑगस्टपासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. मोबाइल धरला की प्रकल्पाची कुंडली समोर. मात्र त्या पानावर दिसणारी माहिती भरतो कोण? स्वतः बिल्डर. शपथपत्रावर. आणि शपथपत्र हा आपल्याकडे पाचशे रुपयांच्या कागदाचा विषय आहे, शपथेचा नाही.

यातून काय होतं ते डोंबिवलीने दाखवलं. हसण्यासारखं त्यात काही नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार केल्या गेल्या. त्या परवानग्या महारेराच्या संकेतस्थळावर चढवून नोंदणी क्रमांक मिळवले गेले. क्रमांक बघून बँकांनी कर्जं दिली. कर्जं बघून लोकांनी करारनामे केले, आणि करारनामे निबंधकाकडे रीतसर नोंदले गेले. अशा पासष्ट इमारती. 2024 च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला, तेव्हा सुमारे साडेसहा हजार कुटुंबांच्या लक्षात आलं की आपल्याकडे सगळे कागद आहेत आणि घर नाही. प्रत्येकाने आधीच्या कार्यालयाचा शिक्का पाहून आपला शिक्का मारला होता. पहिला शिक्का खरा आहे का, हे ज्याने तो मारला असं दिसत होतं त्या महापालिकेला विचारलं असतं तर एका ओळीत उत्तर मिळालं असतं. ते विचारायची गरज ना महारेराला वाटली, ना बँकेला. त्या मोठ्या संस्थांना जे सुचलं नाही, ते डोंबिवलीत वन-बीएचके घेणाऱ्या माणसाला सुचायला हवं होतं, असं म्हणणं निर्दयपणाचं आहे. पुढे स्थानिक संस्थेकडून परवानगी पडताळून घेण्याची पद्धत महारेराने बसवली. आधी का नव्हती, हा प्रश्न विचारून आता त्या कुटुंबांना काही मिळणार नाही.

तयार घराच्या बाबतीत एकच कागद असा आहे की ज्याच्यापुढे बाकीची फाइल फिकी पडावी: भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. नकाशाप्रमाणे बांधलंय, आता राहायला हरकत नाही, असं महापालिकेने म्हटल्याचा हा कागद. आणि नेमका हाच कागद कायम वाटेत असतो. "ओसी?" विचारलं की एजंटच्या चेहऱ्यावर लग्नाचं जमत नसलेल्या मुलीच्या बापाचा भाव येतो. "अप्लाय केलीय सर. येईलच." किती वर्षांपूर्वी अप्लाय केली ते विचारू नये, इमारतीला तोवर पावसाळी गळती लागलेली असते. कोणी आर्किटेक्टचं पत्र दाखवून "हेच ते" म्हणतो. कोणी अर्ध्या इमारतीची पार्ट ओसी दाखवतो, आणि आपला फ्लॅट उरलेल्या अर्ध्यात असतो. "अख्खी बिल्डिंग राहतेय, त्यांना काय झालं?" हा तर बिनतोड सवाल. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधली अख्खी वस्तीही राहत होती. 1980 च्या दशकात तिथे सात इमारती उभ्या राहिल्या, परवानगी पाच-सहा मजल्यांची, आणि एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. पस्तीस मजले बेकायदा ठरले. लोकांनी तिथे संसार केले, मुलं वाढवली, आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे मजले नियमित होऊ शकत नाहीत. पुढच्या वर्षी महापालिकेची माणसं वीज-पाणी तोडायला आली. घेणारे काही अडाणी नव्हते. घर मुंबईच्या मध्यावर होतं, किंमत कमी होती, आणि किंमत कमी का आहे याची चौकशी करण्याचा मोह माणसाला सहसा होत नाही.

मावसभावाच्या फ्लॅटचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. त्याने विश्वास ठेवणं सोडलं आणि कागद एकमेकांसमोर बसवले. नकाशा घेऊन घरात गेला आणि भिंती मोजल्या. ओसीचा नंबर घेऊन बांधकाम खात्यात गेला आणि माहितीच्या अधिकारात दफ्तरातली प्रत मागितली. ती आली, ओसी खरी होती, पण त्यात मागचं टेरेस उघडं होतं, जिथे विकणारा 'थर्ड बेडरूम' म्हणत होता. इंडेक्स टूवरच्या नावांची साखळी सातबाऱ्याच्या फेरफारांशी जुळवली तर एक आजीबाई गळालेल्या निघाल्या. त्यांच्या मुलीचं हक्कसोड कुठे नव्हतं. जिथे दोन कागद भांडले तिथे त्याने प्रश्न विचारला, आणि जिथे उत्तर आलं नाही तिथे किंमत कमी करून मागितली. विकणारा चिडला. "एवढा संशय असेल तर घर घेऊ नका," म्हणाला. त्याने घेतलं नाही. आता दुसरं बघतोय, आणि एजंट लोक त्याचा फोन उचलत नाहीत.

घर बघताय ते तयार असेल तर ओसी मागा, आणि तिची प्रत विकणाऱ्याकडून नव्हे, ती देणाऱ्या कार्यालयातून घ्या. बांधकाम चालू असेल तर महारेराच्या पानावर जी परवानगी चढवली आहे तिचा नंबर महापालिकेच्या बांधकाम खात्यात जाऊन विचारा. महारेराचं पान बघायला पैसे पडत नाहीत, डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांना मिळतो, आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. एजंट दोन टक्के घेतो.